शेवटच्या भाऱ्याचा उतार

मी एक जुना उतार आहे. हसू नका, मित्रांनो. घड्याळ बोललं, छत्री बोलली, फाटकी चप्पलसुद्धा बोलली, तेव्हा तुम्ही निमूट ऐकून घेतलंत. मग उतारानेच तुमचं काय घोडं मारलंय? मला हातपाय नाहीत, चाकं नाहीत. एका जागी पडून राहण्याखेरीज मला काही येत नाही. पण पडून राहणाऱ्यालाही आयुष्य असतं आणि ते कोणीतरी ऐकावं असं त्यालाही वाटतं. हल्ली तर फारच वाटतं, कारण हल्ली माझ्याकडे कोणी येत नाही.

रत्नागिरीहून निघालेली एसटी आमच्या वाडीच्या फाट्यावर थांबते. तिथून वर पाहिलंत तर जांभ्याचा सडा, म्हणजे सपाट कातळमाथा, दिसेल. त्या सड्याच्या कडेपासून खाली भागोजीच्या आंब्याच्या कलमांपर्यंत जो उतरत येतो, तो मी. माझी उंची फार नाही. खालून हाक मारली तर वरच्याला ऐकू जाते आणि वरच्याने शिवी दिली तर खालच्याला ती कळते, एवढीच. माझ्या माथ्यावरून समुद्र दिसतो असं माझा मालक भागोजी पाहुण्यांना सांगतो. दिसतो, नाही असं नाही. पण त्यासाठी हवा स्वच्छ लागते, टाचा उंचवाव्या लागतात आणि भागोजीवर थोडा विश्वासही लागतो.

मला कोणी मुद्दाम घडवलं नाही. मला गवताने घडवलं. सड्यावर पावसाळ्यात कमरेएवढं गवत वाढतं आणि दिवाळीनंतर ते पिवळं पडून सुकतं. भागोजीच्या वडिलांच्या गोठ्यात तेव्हा बैल होते, म्हशी होत्या. त्या साऱ्यांची वर्षाची बेगमी याच गवतावर व्हायची. गवत कापायचं, त्याचे भारे बांधायचे आणि डोक्यावर घेऊन नागमोडी पायवाटेने खाली उतरायचं. बायकांच्या माना मोडून यायच्या. एका वर्षी भागोजीच्या आईने वैतागून एक भारा सड्याच्या कडेवरून सरळ ढकलून दिला. तो माझ्या अंगावरून घसरत घसरत थेट खाली जाऊन थांबला. ती वर उभी राहून पाहतच राहिली. त्या दिवशी माझा जन्म झाला, असं मी धरतो.

मग दरवर्षी भारे माझ्यावरून सुटू लागले. वाटेतले दगड वेचले गेले, खळगे मातीने भरले गेले. वर्षं गेली तसा मी गुळगुळीत होत गेलो. मधोमध माझ्या अंगावर एक रुंद पट्टा पडला. तिथे गवत उगवायचं, पण फार वाढायला धजायचं नाही. भागोजी मला टकल्या म्हणायचा. त्याचा स्वतःचा माथाही तेव्हा विरळ व्हायला लागला होता, पण ते त्याला कोण सांगणार?

आमच्या वाडीत एक रीत होती. शेवटचा भारा रिकामा सोडायचा नाही. सगळं गवत कापून झालं, सगळे भारे खाली गेले की जो एक उरेल, त्याच्यावर कापणाऱ्या बायकांपैकी एकीने बसायचं आणि खाली यायचं. भागोजीची आई म्हणायची, "डोंगरानं वरीसभर गुरांना खायाला दिलानीत. त्याला हसून दाकवल्याबिगर उतरायचा नाय." ती पहिली काही वर्षं स्वतः बसली. मग तिचे गुडघे म्हणाले, आता पुरे. तेव्हा तिने वाडीत नव्याने सून म्हणून आलेल्या जनीला पुढे केलं.

जनी त्या दिवशी किती घाबरली होती म्हणून सांगू! तिने कासोटा घट्ट केला, पदर कमरेला खोचला, भाऱ्याचा बंध दोन्ही मुठींत धरला आणि डोळे गच्च मिटले. मागून कोणीतरी ढकललं. अर्ध्या वाटेत भारा गर्रकन फिरला आणि उरलेला उतार जनी उलटी, माझ्या माथ्याकडे तोंड करून आली. खाली पोचली तेव्हा तिच्या केसांत गवत, तोंडात गवत. सगळ्या बायका पोट धरून हसत होत्या. सासूसमोर मान वर न करणारी जनीही एवढी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. दुसऱ्या वर्षी कापणीच्या पहिल्याच दिवशी तिने सांगून टाकलं, "शेवटचा भारा माजा हां, आदीच सांगतंय." तेव्हापासून तो तिचाच झाला.

शेवटचा भारा खाली आला की शिमग्यापर्यंत मी पोरांचा.

तुमच्यापैकी किती जणांना विरी माहीत आहे? पोफळीची झावळी सुकून गळून पडते. तिच्या बुडाशी जो रुंद, चिवट, पन्हळीसारखा भाग असतो, तो म्हणजे विरी. त्यात बसायचं, पुढचा देठ लगामासारखा धरायचा आणि पायांनी एक रेटा द्यायचा. बस्स. तिला हवा भरावी लागत नाही आणि ती बिघडतही नाही. फाटली तर बागेत दुसरी पडलेलीच असते. सुकलेल्या गवतावरून विरी अशी सुटायची की पोरांचं ओरडणं वरच राहायचं आणि पोरं खाली पोचलेली असायची.

माझ्या अंगावर मध्यावर एक काळा दगड आहे. लहानांनी त्या दगडापासून घसरायचं, मोठ्यांनी माथ्यापासून. माथ्यापासून घसरायची परवानगी मिळाली की पोर मोठं झालं, असं वाडीत मानलं जायचं. खाली आलेल्या मोठ्याने परत चढताना एखाद्या लहानग्याची विरी ओढत न्यायची, हा आणखी एक नियम. तो कोणी केला ते ठाऊक नाही, पण मोडताना मी कोणाला पाहिलं नाही. रांग नव्हती. रांग लागायला माणसं लागतात, आणि माझ्याकडे फार तर आठ-दहा पोरं. गुडघा फुटला तर रानमोडीचा पाला चुरगळून लावायचा आणि घरी पायऱ्यांवर पडलो म्हणून सांगायचं.

भागोजी कलमांमधून ओरडायचा, "चड्डी फाटली तर आयशीला माज्याकडं धाडू नका!" मात्र हाच भागोजी सकाळी, पोरं शाळेत गेली की, एकटाच माझ्या अंगावरून वाकून वाकून खडे वेचायचा. कोणी पाहिलं तर म्हणायचा, पायाला टोचतात. त्याच्या पायाला! कातळावर अनवाणी चालणारा माणूस तो. माझ्यावर कोणी इतकी माया केली नाही.

सगळ्यांत भारी घसरायचा तो भागोजीचा मुलगा सुहास. त्याला विरीत बसणं मंजूर नव्हतं. तो पोटावर झोपायचा, डोकं पुढे, हात पसरलेले, आणि थेट कलमांच्या गडग्यापर्यंत, त्या रचलेल्या दगडांच्या कुंपणापर्यंत यायचा. नाताळच्या सुट्टीत मुंबईहून आलेली पोरं त्याच्याकडे तोंड उघडं टाकून पाहायची. तीही मग घसरायची आणि जाताना म्हणायची, आमच्या सोसायटीतली घसरगुंडी बसायच्या आत संपते. ते ऐकून मी फुगून जायचो. एवढासा उतार मी, पण मुंबईला माझं नाव पोचलं होतं.

मित्रांनो, सुखाचे दिवस सांगताना शब्द भराभर येतात. आता जे सांगायचं आहे ते सावकाश सांगतो.

आधी गुरं गेली. म्हातारपणी भागोजीला गोठा झेपेना. बैल गेले, मग म्हशी गेल्या, शेवटी गोठ्यात मोटारसायकल उभी राहू लागली. गुरं नाहीत म्हणजे गवत कापणं नाही. गवत कापणं नाही म्हणजे भारे नाहीत. तरी पोरं काही वर्षं येत राहिली. पण वाढलेल्या गवतातून विरी जाईना. ती अडायची, कलंडायची. मग तीही येईनाशी झाली. सुहास शिकला, त्याला रत्नागिरीत सरकारी कचेरीत नोकरी लागली. तो रोज एसटीने जातो आणि येतो. फाट्यावर उतरतो, मोबाइलकडे बघत घरी जातो. मान वर केली तर मी दिसेन, पण मान वर करायला काही कारण लागतं.

आणि मग पलीकडच्या सड्यावर ते मोठं रिसॉर्ट झालं. तिथे म्हणे बर्फाची घसरण आहे. रत्नागिरीत बर्फ! आम्हाला आपला मासळीबाजारात पापलेटांवर घालतात तेवढाच बर्फ ठाऊक. पण तिथे पांढरा उंच उतार आहे, हवा भरलेल्या रंगीत चकत्या आहेत, डोक्याला शिरस्त्राण आहे, गाणी आहेत. संध्याकाळी तिथले दिवे लागले की आभाळ त्या बाजूने जांभळं होतं. रविवारी त्या रस्त्याला गाड्यांची रीघ लागते. आमच्या वाडीतली पोरंही आईबापांच्या मागे लागून जाऊन आली. खोटं कशाला बोलू, मला हेवा वाटला. मी इतका जवळ होतो आणि फुकट होतो. बहुधा म्हणूनच मी कोणाच्या लक्षात राहिलो नाही.

उताराचं एकटेपण कसं असतं ते सांगतो. त्याच्यावर गवत वाढत जातं. आधी पट्ट्याच्या कडांनी, मग मधोमध. जिथे पोरांच्या टाचा रुतायच्या तिथे काटेरिंगणी उगवते. मी माझ्या त्या काळ्या दगडालासुद्धा दिसेनासा झालो. भारद्वाज यायचा, एखादा कोल्हा कडेकडेने जायचा. चुकलेली शेळी यायची आणि तिला न्यायला कोणीतरी शिव्या देत यायचं, तेवढीच माणसाची चाहूल. माझ्या माथ्यावर मोबाइलला रेंज चांगली मिळते, म्हणून अधूनमधून कोणी वर चढून यायचं. तो माणूस माझ्याकडे पाठ करून उभा राहायचा, दूरच्या कोणाशी तरी मोठ्याने बोलायचा आणि निघून जायचा. त्यापेक्षा कोणी आलं नसतं तर बरं वाटलं असतं.

फक्त भागोजी यायचा. संध्याकाळी काठी टेकत पायथ्याशी येऊन गडग्यावर बसायचा. तो बोलायचा नाही. मला बोलता येत नाही. अंधार पडायला लागला की उठून जायचा.

एका संध्याकाळी जनी सुकी लाकडं वेचायला आली. तीही आता म्हातारी झाली होती. बरोबर तिची नात होती, मनस्वी. ती चौथीत शिकते. आदल्याच दिवशी ती रिसॉर्टला जाऊन आली होती. भागोजीने तिला गडग्यावर शेजारी बसवून घेतलं.

"काय गो, कसा काय व्हता बर्फ?"

"बर्फ नाय आबा. साबणाचा फेस व्हता. डोळ्यात गेला."

"आनि घसरलीस किती येळा?"

"एकदा. रांग लई मोठी. उन्हात उभं राहून पाय दुखले. वर गेल्यावर त्या दादाने ढकललानी, खाली आले, तर लगेच शिट्टी. म्हणाला उठ उठ, मागून दुसरा येतो."

"मंग मजा आली का नाय?"

मनस्वीने जरा विचार केला. "आली. पन ती कदी आली ते कळलंच नाय."

जनी हसली. मग तिने माझ्याकडे बोट केलं आणि नातीला शेवटच्या भाऱ्याची गोष्ट सांगितली. मनस्वी मान वर करून माझ्याकडे बघत राहिली. तिला मी कसा दिसलो असेन? नुसतं गवत. "हितं घसरता येतं?" तिने विचारलं.

"यायचा," भागोजी म्हणाला. "गवात काडला तर आताबी येईल. पन काडनार कोन?"

अंधार पडला तसे तिघेही घरी गेले. मला वाटलं होतं, निदान त्या दिवशी कोणीतरी वर चढून बघेल.

त्याच वर्षी फाल्गुनात सड्यावर वणवा लागला. कसा लागला कोण जाणे, दर वर्षी लागतो. पूर्वी तो माझ्यापर्यंत आला की विझायचा. टकलाच्या केसांना आग लागणार कशी? पण आता माझ्या अंगावर माथ्यापासून पायथ्यापर्यंत वाळकं गवत उभं होतं. आग माझ्यावरूनच खाली धावत गेली. वाडीतली माणसं ओले टहाळे घेऊन धावली. जनी धावली, म्हातारा भागोजीही काठी टाकून धावला. मोहोर टिकलेली, कैऱ्या धरलेली कलमं होती ती. वरच्या गडग्याजवळची काही होरपळलीच, बाकीची वाचली. भागोजी एका काळ्या पडलेल्या खोडाला हात लावून उभा होता. सुहास कचेरीतून धावत आला तेव्हा त्याने ते पाहिलं.

तो चिडला, आणि त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. "बाबा, ही जागा नुसती पडून आहे," तो म्हणाला. "पडून आहे म्हणून तिथे गवत माजतं, आणि गवत माजलं की एक दिवस सगळी बाग जाईल. पाऊस संपला की मी इथे खड्डे मारून काजू लावतो. वरपासून खालपर्यंत."

"तिथं पोरां घसरायची रे," भागोजी म्हणाला.

"कोण घसरतं आता? एक पोर दाखवा मला."

भागोजीकडे दाखवायला पोर नव्हतं.

तो पावसाळा मी कसा काढला ते विचारू नका. माझ्या जळलेल्या अंगावर पुन्हा हिरवं आलं, तेरडा फुलला, सोनकी फुलली, लोक सड्यावर फोटो काढायला आले. मला एकच दिसत होतं. खड्डे पडले की मी उतार राहणार नाही. बाग होईन. बाग चांगलीच असते, पण बागेवरून कोणी घसरत नाही.

दिवाळी झाली. जमिनीत ओल आहे तोवर खड्डे मारून घ्यावेत म्हणून सुहासने रजा टाकली. भागोजीने एकच मागणं मागितलं. खड्ड्यांआधी गवत यंत्राने नको, हाताने कापायचं आणि भारे माझ्यावरूनच सोडायचे. कलमांच्या बुडाला घालायला ते गवत होईल. सुहासने जास्त वाद घातला नाही. कापायला जनीला बोलावलं. पूर्वी आठ-दहा बायका असायच्या, आता ती आणि तिची सून. सून मधूनच पाठ धरून उभी राहायची आणि जनी तिला चिडवायची. मनस्वी शाळा सुटली की बंध वळायला यायची.

आणि भारे सुटले. इतक्या वर्षांनी पुन्हा अंगावरून भारे गेले तेव्हा मला काय वाटलं ते सांगता येणार नाही. मी विसरलो नव्हतो. गवताचे खुंट भाऱ्यांखाली लोळले, वर वाळकं गवत पसरलं आणि माझा तो पट्टा पुन्हा उघडा पडला. काळा दगड दिसू लागला. भागोजी खाली गडग्यावर बसून प्रत्येक भाऱ्याला "आला, आला" म्हणत होता.

संध्याकाळी वर एकच भारा उरला. जनी त्याच्याजवळ उभी होती. सून आणि मनस्वी पाणी आणायला घरी गेल्या होत्या.

"बस, जने!" खालून भागोजी ओरडला. "शेवटचा हाय तो!"

जनीने भाऱ्यावर हात ठेवला. माझ्याकडे खालपर्यंत पाहिलं. खाली एक म्हातारा सोडला तर कोणी नव्हतं. "नको, भावजी," ती म्हणाली. "हाडां मोडतील. आनि आता हसून दाकवायचा तरी कुनाला?"

तिने भारा पायाने लोटून दिला.

शेवटचा भारा माझ्यावरून रिकामा गेला. माझ्या उभ्या आयुष्यात पहिल्यांदा. तो खाली येऊन थांबला आणि भागोजीने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याने काठी उचलली आणि घरी गेला. जनी पायवाटेने, भिंतीला धरल्यासारखी कडेच्या गवताला धरत धरत उतरली. मला रडता आलं असतं तर मी तेव्हा रडलो असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुहास चुन्याची फक्की घेऊन माथ्यावर आला. रजा असूनही दुपारून त्याला कचेरीत एक चक्कर मारायची होती, म्हणून इस्त्रीची पँट आणि पायात बूट. बरोबर खड्डे मारणारा गडी होता. सुहास दोरी धरून एकेका खड्ड्याच्या जागी फक्कीचा गोल काढत खाली सरकत होता. भागोजी गडग्यावर बसला होता. जनी आपला कोयता विसरली होती, तो न्यायला आली होती. मनस्वीची शाळा अजून भरायची होती, त्यामुळे तीही मागे होती.

मी काही केलं नाही, हं. शपथेवर सांगतो. गोलांची एक ओळ खालपर्यंत काढून सुहास दुसऱ्या ओळीसाठी परत माथ्यावर आला होता. तो मागे न बघता एक पाऊल मागे सरला. वाळक्या गवतावर नवा बूट. पाय सटकला, फक्कीचं घमेलं हातातून उडालं आणि सुहास बसला. बसला तो थांबला नाही. त्याने गवत धरायचा प्रयत्न केला, मग आई गं म्हटलं, मग काळ्या दगडाजवळ त्याने हात सोडून दिले. मी ते ओळखलं. तेच हात होते, तसेच पसरलेले. तो आपल्याच पांढऱ्या गोलांवरून घसरत, गोल पुसत, थेट कालच्या त्या रिकाम्या भाऱ्यावर येऊन आदळला.

भागोजी उभा राहिला होता.

मग भाऱ्यातून हसण्याचा आवाज आला. सुहास उताणा पडून हसत होता. डोक्यापासून पायापर्यंत चुना, पँट मागून फाटलेली, आणि हा हसतोय! मनस्वी खिदळायला लागली. जनीने तोंडाला पदर लावला, पण तो काही पुरेना.

"मी सांगत व्हती का नाय, शेवटचा भारा रिकामा सोडू नये!" जनी म्हणाली. खरं तर तिनेच सोडला होता, पण तेवढं चालायचंच. "बगलास? डोंगरानं आपला मानूस नेलानच!"

"चड्डी फाटली का रे?" भागोजीने विचारलं. "फाटली तर आयशीला माज्याकडं धाडू नको."

सुहासने बापाकडे बघितलं. मग वर माझ्याकडे बघितलं. किती वर्षांनी त्याने मान वर केली होती! तो उठला, कपडे झटकले, आणि तो भारा पाठीवर घेतला. बूट काढून गडग्यावर ठेवले आणि अनवाणी माथ्यापर्यंत चढून आला. भारा ठेवला, मागे वळून खाली ओरडला, "काकी, वर या!"

"गप रे मेल्या, हाडां मोडतील माजी!" जनी ओरडली, पण ओरडता ओरडता ती चढायलाही लागली होती. मनस्वी तिचा हात धरून पुढे. वर आल्यावर जनीने पदर कमरेला खोचला, मनस्वीला पुढ्यात घेतलं आणि डोळे गच्च मिटले. सुहासने हलकेच लोटलं. अर्ध्या वाटेत भारा फिरला. या वेळी मला वाटतं मीच जरा फिरवला असेन. आजी आणि नात उलट्या, माझ्या माथ्याकडे तोंड करून, किंचाळत खाली आल्या. जनी हसत होती आणि मी ते हसू पुन्हा पाहत होतो.

गड्याने विचारलं, "भाऊ, गोल परत काडू काय?"

सुहासने पुसलेल्या गोलांकडे पाहिलं. "कडेकडेने काढ," तो म्हणाला. "दोन्ही बाजूंना. मधला पट्टा राहू दे." मग भागोजीजवळ येऊन हळू म्हणाला, "पण बाबा, पोरं घसरली तरच हां. घसरून घसरून टक्कल राहिलं तर वणवा इथे अडेल. पुढच्या दिवाळीला इथे गवत उभं दिसलं तर मी मधेही खड्डे मारीन. बागेचा प्रश्न आहे."

भागोजीने मान हलवली. ते बरोबरच होतं.

तेव्हा मित्रांनो, अशी माझी गोष्ट आहे. कडेला काजूची रोपं लागणार आहेत आणि मध्ये मी आहे, पुढच्या दिवाळीपर्यंत तरी. सुहास रविवारी येतो, एक चक्कर घसरतो आणि कोणी पाहिलं तर खडे वेचायला आलो म्हणतो. बाकी पोरं अजून येत नाहीत. त्यांना मी माहीतच नाही. तुमच्या गावातही माझ्यासारखा कोणी असेल. एवढासा उतार असेल, एखादा पाणवठ्याजवळचा गुळगुळीत खडक असेल, देवळामागचं मैदान असेल. तिथे दिवे नसतील, गाणी नसतील, पण शिट्टीही नसेल. पुन्हा पुन्हा जाता येईल. आधी त्याला एकदा बघून या. आम्हाला टिकवायला फार काही लागत नाही. फक्त कोणीतरी घसरावं लागतं.

मनस्वी मात्र रोज येते. शाळा सुटली की येते, काळ्या दगडापासून सुरू करते, खाली जाते, चढते, पुन्हा खाली जाते. परवापासून ती माथ्यापासून घसरते. एकटीच ओरडते, आणि ओरडून झाल्यावर इकडे तिकडे बघते, कोणी ऐकलं का म्हणून. ते बघणं मला ओळखीचं आहे.

काल अंधार पडताना ती निघाली तेव्हा तिने विरी घरी नेली नाही. काळ्या दगडाखाली नीट उपडी ठेवली. मग भागोजीच्या बागेतून आणखी एक विरी ओढत आणली आणि तिच्या शेजारी ठेवली. ती कोणासाठी, ते तिने सांगितलं नाही. विचारायला तिथे माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

ती दुसरी विरी अजून तिथेच आहे.